रॉझवेलचा परका कोण?

इतिहासाच्या अभ्यासकाने कुमारवयीनांसाठी रचलेल्या दूरचित्रवाणी-मालिकेकडे कशासाठी वळावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. बखर वाचताना तीत काय सांगितले आहे इतकेच आपण पाहत नाही. काय गाळले आहे तेही पाहतो. लोकप्रिय कथेलाही हीच कसोटी लावता येते. 'रॉझवेल' या अमेरिकी वैज्ञानिक कथामालिकेला आम्ही ती येथे लावणार आहोत.

रॉझवेल हे न्यू मेक्सिको राज्यातील एक शहर. जुलै १९४७ मध्ये तेथील लष्करी विमानतळावरून 'उडती तबकडी' हाती लागल्याचे जाहीर झाले, आणि लागलीच तो हवामान पाहण्याचा फुगा असल्याचा खुलासाही आला. सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेणाऱ्या गुप्त 'मोगल' योजनेचे ते अवशेष असावेत, असा निर्वाळा अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये दिला. तोवर दंतकथेने मूळ धरले होते. तिच्या आधारे मेलिंडा मेट्झ यांनी १९९८ पासून कुमारांसाठी कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांवरून जेसन कॅटिम्स यांनी रचलेली मालिका ऑक्टोबर १९९९ ते मे २००२ या काळात चालली.

कथा थोडक्यात अशी. उपाहारगृहात काम करणाऱ्या लिझला गोळी लागते. मॅक्स नावाचा वर्गमित्र जखमेवर हात ठेवून तिला वाचवतो, आणि तो परग्रहावरचा असल्याचे गुपित तिला कळते. पुढची हकीकत पुष्कळशी लिझच्या रोजनिशीतून उलगडते. या निवेदनपद्धतीचे मोल मोठे आहे. १९५० नंतरच्या अनेक चित्रपटांत परग्रहवासी आक्रमक म्हणून येई. येथे तो शेजारच्या बाकावरचा मुलगा आहे, आणि भीती त्यालाच आहे. मॅक्स व त्याची बहीण इझाबेल सुखवस्तू घरात दत्तक गेले. त्यांचाच सोबती मायकेल एका मद्यपी पालकाच्या हाती पडला. मूळ एक, पण आसरा निराळा म्हणून दैव निराळे, हे मालिकेने नेमके दाखविले.

आता गाळलेले पाहू. कादंबरीतील नायिका लिझ ऑर्टेचो. मालिकेत ती लिझ पार्कर झाली. बदल एका आडनावाचा, पण तो कोठे झाला हे ध्यानात घ्यावे. स्पॅनिश वसाहत या प्रदेशात १५९८ मध्ये आली. १८४८ च्या तहाने मेक्सिकोने तो अमेरिकेला दिला. ऑर्टेचोसारखी नावे तेथे अमेरिकेच्या ध्वजाहून जुनी आहेत. तरी परकेपणाची कथा सांगताना तेच नाव पुसले गेले. मूळ रहिवाशांचीही गत वेगळी नाही. शहराच्या पश्चिमेस डोंगराळ भागात मेस्कालेरो अपाचे लोकांची राखीव भूमी आहे. मालिकेत मात्र 'मेसालिको' ही कल्पित जमात येते, आणि तिचा वृद्ध नायकांना त्यांच्या भूतकाळाची खूण दाखविण्यापुरता येतो.

यावर कोणी म्हणेल की रूपक व्यापक असावे. म्हणजे एकाकी असा कोणताही तरुण त्यात स्वतःला पाहील. हे खरेच आहे. मालिका बंद पडू नये म्हणून प्रेक्षकांनी वाहिनीकडे हजारोंनी तिखट टबॅस्को सॉसच्या बाटल्या धाडल्या, कारण कथेतील परग्रहवासीयांना तो अतिप्रिय. परंतु परक्याची व्यथा उसनी घ्यावयाची आणि ती भोगणाऱ्याला मात्र दाराबाहेर ठेवायचे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

तो पुष्कळसा दुरुस्त झाला जानेवारी २०१९ मध्ये. 'रॉझवेल, न्यू मेक्सिको' या नव्या मालिकेत पात्रे प्रौढ झाली आणि लिझ पुन्हा ऑर्टेचो झाली. तिचा बाप कागदपत्रांवाचून राहणारा स्थलांतरित आहे. 'एलियन' या इंग्रजी शब्दाला परग्रहवासी आणि परदेशी नागरिक असे दोन्ही अर्थ आहेत. येथे ते समोरासमोर येतात. मॅक्स गोरा दिसतो, म्हणून दुसऱ्या ग्रहावरून येऊनही तो शेरिफचा हाताखालचा अधिकारी होतो. लिझचा बाप याच पृथ्वीवर जन्मला, आणि हद्दपारीच्या भीतीत जगतो.

परका कोण हे जन्मस्थान ठरवीत नाही, पाहणाऱ्याची नजर आणि राज्याचा कागद ठरवितो. पहिल्या मालिकेने ही भीती जाणवून दिली. ती कोणाची हे सांगायला वीस वर्षे लागली.