शामोनीचे मोजे, बजबजची पहाट

बूट काढू नका. आतले मोजे ओले लागतायत ना? ते कशाने ओले झाले, ते जरा वेळाने कळेल. आधी पाय रोवून उभे राहा. खाली हुगळीचा चिखल आहे आणि तो कुणाची भीड ठेवत नाही.

हे बजबज. कोलकात्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. 19 फेब्रुवारी 1897. अजून फटफटायचं आहे. धुकं इतकं दाट की पडद्यासारखं हाताने बाजूला सारावंसं वाटतं. डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला सगळं कळतं. तागाचा कुबट, तेलकट वास. कोळशाचा धूर. त्यावर तरंगणारा रॉकेलचा उग्र दर्प, कारण दूरदेशीचं रॉकेल जहाजांनी इथंच येतं आणि काठावरच्या टाक्यांत साठवलं जातं. मग कान जागे होतात. तागगिरणीचा भोंगा. चुबुक चुबुक वल्ही. अंधारात एकमेकांना हाका मारणारे नावाडी. शेजारी उभा असलेला एक म्हातारा तुमच्या ओंजळीत मूठभर मुरमुरे ओततो. मोहरीचं कच्चं तेल आणि हिरवी मिरची. पहिल्याच घासाला नाकातून पाणी येतं आणि झोप पार उडते.

आता नदीकडे बघा. मद्रासहून निघालेली ‘मोंबासा’ ही आगबोट धुक्यात काळ्या वाड्यासारखी उभी आहे. तिच्यावर नारळांचा ढीग होता म्हणे. एका प्रवाशाला डॉक्टरांनी पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी प्यायला सांगितलं आणि मद्रासकरांनी प्रेमापोटी नारळांची रासच चढवली. तो प्रवासी उतरतोय. भगवी कफनी, थकलेले मोठे डोळे. स्वामी विवेकानंद, जवळजवळ सात वर्षांनी आपल्या बंगालच्या मातीवर.

पण क्षणभर त्यांच्यामागे बघा. पन्नाशीचं एक इंग्रज जोडपं उतरतंय. कॅप्टन सेव्हियर आणि त्यांची पत्नी शार्लट. इंग्लंडातलं चंबूगबाळं आवरून ते कायमचे निघालेत. नवी सून उंबरठ्याकडे बघते तसं या बाई त्या चिखलाकडे बघतायत, असं तुम्हाला वाटून जातं. लंडनमधलं उबदार घर सोडून माणसं या अंधाऱ्या धक्क्यावर कशी येतात?

त्यासाठी सहा महिने मागं जायचं आणि हजार मीटर वर. मुरमुरे संपवा. डोळे मिटा.

उघडा. उन्हाळा आहे, 1896 चा. जिनेव्हाहून आलेल्या आगगाडीने तुम्हाला क्लूझ या गावी सोडलंय. पुढं रूळ नाहीत. पुढं घोडागाडी, धूळ, कातड्याचा आणि घामेजल्या घोड्यांचा वास, आणि दर वळणावर शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत. सोबतीला आर्व्ह नदी आहे. तिचं पाणी निवळशंख असेल असं वाटलं होतं, पण ते दिसतं तांदळाच्या धुवणासारखं करडं. वर कुठंतरी बर्फ दगडाला दळतोय आणि ते पीठ खाली येतंय.

मग शामोनी. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातलं हे खोऱ्यातलं गाव. पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामासारखी गर्दी, फक्त देव वेगळा. तो गावाच्या डोक्यावर बसलाय, माँ ब्लाँ, 4,800 मीटरहून उंच, आणि उन्हात असा झळाळतोय की डोळे चुरचुरतात. कोपऱ्यावर एक जण तापल्या लोखंडाने लांब काठ्यांवर गावांची नावं डागतोय आणि जळक्या लाकडाचा वास सुटलाय. टोकाला लोखंडी खिळा असलेली ही काठी, तिला इथं आल्पेनस्टॉक म्हणतात. एक घ्या. खरंच लागणार आहे.

वाटाड्यांच्या घोळक्याजवळ स्वामीजी उभे आहेत, मान मागं टाकून. चार वर्षांपूर्वी हेच महाबळेश्वरला येऊन गेले, पुण्यात टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले, तेव्हा जवळ काहीही नव्हतं. आत्ता ते सेव्हियर दांपत्याला सांगतायत की आपल्याकडे बर्फ दिसतो तो फार लांबून, दिवसचे दिवस चालावं तेव्हा कुठं जवळ येतो. इथं तो अगदी अंगाशी. त्यांना थेट शिखरावर जायचंय. वाटाडे माना हलवतात, हे काम कसलेल्या गिर्यारोहकांचं. स्वामीजी हिरमुसतात. तुम्ही मात्र हळूच सुटकेचा श्वास सोडता.

पण चालणं चुकत नाही. समोरच्या उतारावर मोंतांव्हेर, म्हणजे जवळजवळ नऊशे मीटरची चढण. आपल्या हिशोबात दीड सिंहगड. पायथ्याशी ताक नाही, वर पिठलं-भाकरी नाही. देवदारासारख्या झाडांची दाट सावली आहे, राळेचा वास आहे आणि खालच्या कुरणांतून गाईंच्या गळ्यातल्या मोठाल्या घंटांचा नाद सतत वर येत राहतो. धाप लागते. सदरा पाठीला चिकटतो. शेजारून एक खेचर तुमच्याकडे न बघता पुढं जातं.

माथ्यावर पोचता आणि एकदम गारवा तोंडावर फुटतो. खाली मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र. वादळात उसळलेल्या लाटा जागच्या जागी गोठल्यात. एक माणूस लोकरीचे जाडेभरडे मोजे पुढं करतो. हे बुटांच्या आत घालायचे नसतात, बुटांवरून चढवायचे, म्हणजे बर्फावर पाय घसरत नाही. चढवा.

पहिलं पाऊल. बर्फ पांढरा नाही. तो राखेच्या रंगाचा आहे, वर दगडगोटे पसरलेत. खालून मात्र निळा, मोरपिसाच्या डोळ्यासारखा. पावलाखाली साखरेच्या पोत्यासारखा करकरतो. पाठीवर ऊन इतकं की मान भाजते, आणि पोटऱ्या गारठून बधिर. जरा उजवीकडे सरका, तिथं भेग आहे. वाकून बघा, पण काठी घट्ट धरा. आत खोलवर पाणी बोलतंय. एक खडा टाका. टक्, टक्, टक्... आणि मग तळाचा आवाज येतच नाही. उभे राहता तेवढ्यात लोकरीतून पाणी झिरपतं, बुटात उतरतं आणि खालचे मोजे भिजवतं.

पलीकडच्या काठावर खरी परीक्षा. या वाटेला फ्रेंचांनी ‘मोव्हे पा’ नाव दिलंय, म्हणजे वाईट पाऊल. हरिहर गडाच्या पायऱ्या चढला असाल तर कळेल. कातळात खोदलेल्या बोटभर खोबण्या, धरायला लोखंडी सळ्या, आणि मागं नुसतं आकाश. सळई हाताला थंडगार लागते आणि तळवा घामाने निसरडा होतो. खाली बघू नका म्हणतात, पण नजर खालीच जाते. आणि त्या चढणीवर पुढं बघता तर काय, हिमालयाच्या वाटा तुडवलेल्या स्वामीजींनाच भोवळ आलीय. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचाही पाय पुनःपुन्हा घसरतोय. हे बघून तुम्हाला धीर येतो, आणि त्यांच्याविषयी एकदम माया वाटते. इतका मोठा माणूस, आणि गुडघे आपल्यासारखेच.

शापो नावाच्या जागी एकदाची सपाटी लागते. कॉफी मिळते. दोन्ही हातांनी पेला धरा. वाफ नाकात जाऊ द्या. कुणी काही बोलत नाही. स्वामीजींच्या चेहऱ्यावर सुटकेचं समाधान आहे. बुटांवरचे मोजे काढून तुम्ही परत देता. आतले ओले मोजे तसेच राहतात.

पुढचे दिवस लिटल सेंट बर्नार्ड खिंडीच्या दिशेचे. माँ ब्लाँच्या कुशीतलं लहानसं खेडं. संध्याकाळी शेणाचा, गवताच्या गंजीचा, चुलीच्या धुराचा वास, अगदी आपल्या मावळातल्यासारखा. बायका पाठीवर लांबट टोपल्या घेऊन उतरतायत. स्वामीजी थबकतात. अशाच टोपल्या आपल्या हिमालयातल्या बायका वाहतात, असं ते सांगतात. माणसांची चाल तीच, वागणं तेच. बोलता बोलता आवाज हळू होतो. हिमालयात एक आश्रम असावा, ते म्हणतात, बर्फाच्या समोर, तिथं इथली आणि तिथली माणसं एकत्र राहून साधना करतील. नवरा-बायको ऐकतायत. तुम्ही दगडावर बसून पोटऱ्या चोळता चोळता ऐकताय. डोंगरात चालताना अशा गोष्टी बोलल्या जातात. सपाटीवर आलो की आपण विसरतो. ही दोघं विसरत नाहीत.

आणि एक दृश्य, घाई न करता बघा. डोंगरातल्या वाटेवर एक इवलं देऊळ, आत कुमारी मेरी. स्वामीजी रानफुलं तोडतात आणि ती सेव्हियरबाईंच्या हातात देऊन तिच्या पायाशी वाहायला सांगतात, कारण तीही आईच. बाई आत जातात. फुलांना मातीचा आणि उन्हाचा वास आहे.

डोळे मिटा. उघडा.

पुन्हा बजबज. आता उजाडलंय. स्टेशनात खास गाडी वाफ सोडत उभी आहे, धुकं कुठं संपतं आणि वाफ कुठं सुरू होते ते कळत नाही. साडेसातच्या सुमाराला ती सियालदहला पोचेल. तिथं हजारोंची गर्दी ताटकळलीय. पोरं बग्गीचे घोडे सोडतील आणि स्वतः ती ओढतील. जयजयकाराने कान बधिर होतील.

तुम्ही काळाच्या पुढून आला आहात, म्हणून तुम्हाला आणखीही ठाऊक आहे. दोन वर्षांनी, मार्च 1899 मध्ये, हे जोडपं कुमाऊंच्या डोंगरांत मायावतीला खरोखरच तो आश्रम उभा करेल. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, कॅप्टनसाहेब तिथंच देह ठेवतील आणि डोंगराखालच्या नदीकाठी त्यांच्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार होतील. ऐन जानेवारीत, खालावलेल्या प्रकृतीने, स्वामीजी काठगोदामहून बर्फ तुडवत त्या एकट्या बाईंना भेटायला डोंगर चढतील. आणि त्या बाई इंग्लंडला परतण्याऐवजी पुढं अनेक वर्षं तिथंच राहतील.

हे सगळं ओठांवर येतं. बाई डब्याच्या पायरीवर पाय ठेवतायत, झग्याच्या काठाला बजबजचा चिखल लागलाय. तुम्ही काही बोलत नाही. फक्त बाजूला होऊन वाट देता. शिट्टी होते. गाडी धुक्यात शिरते, आणि रुळांची थरथर तेवढी पावलांना जाणवत राहते.

आता बूट काढा. धक्क्यावर बसून मोजे पिळा. फ्रान्सच्या डोंगरातलं ते गार पाणी थेंबाथेंबाने हुगळीत पडतंय. ही हुगळी म्हणजे गंगाच, गोमुखाच्या बर्फातून निघून इथवर चालत आलेली. म्हातारा मुरमुऱ्यांची आणखी एक मूठ पुढं करतो. घ्या. पाय दुखतायत, आणि बरं वाटतंय.