नवा मॅक, जुनं सॉफ्टवेअर आणि दमलेला दुभाष्या



मागच्या महिन्यात ऑफिसात नवा लॅपटॉप मिळाला. एकदम वेगवान. पण आमचं एक टूल त्यावर अक्षरशः रांगत होतं. मी थेट प्रोसेसरला शिव्या घातल्या. चूक माझीच होती. का, ते कळायला 1994 मध्ये जाऊया.

त्या मार्चमध्ये ॲपलने पॉवर मॅकिंटॉश आणला. तोपर्यंत मॅकमध्ये मोटोरोलाच्या 68000 कुळातली चिप असायची, आता पॉवरपीसी 601 आली. दोघींची भाषा वेगळी. मग लोकांची जुनी सॉफ्टवेअर्स चालणार कशी? गॅरी डेव्हिडियन या इंजिनियरने एम्युलेटर लिहिला, म्हणजे एक दुभाष्याच. जुनी आज्ञा वाचायची, तेच काम नव्या चिपकडून करून घ्यायचं, मग पुढची आज्ञा. गंमत म्हणजे खुद्द मॅकच्या सिस्टिमचा बराच भागही अजून जुन्याच भाषेत होता. त्यामुळे नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी दुभाष्यापासून पूर्ण सुटका नव्हती.

मग आली पॉवरपीसी 603. कमी वीज खाणारी, लॅपटॉपसाठी अगदी योग्य. पण एम्युलेटर तिच्यावर मार खायला लागला. कारण होतं कॅश, म्हणजे चिपमधली छोटी पण अतिवेगवान मेमरी. 601 मध्ये ती 32 किलोबाइट होती. 603 मध्ये आज्ञांसाठी 8 आणि डेटासाठी 8. दुभाष्याचं सामान तिथे मावेना. मिसळणाचा डबा ओट्याऐवजी शेजारच्या खोलीत ठेवल्यावर जसं होईल, तसं. सारखी बाहेरच्या संथ मेमरीकडे धाव!

1995 मध्ये दोन उपाय आले. 603ई चिपमध्ये कॅश दुप्पट झाली, 16 आणि 16. पॉवरपीसीवाले पहिले पॉवरबुक याच चिपवर आले. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. कनेक्टिक्सच्या ‘स्पीड डबलर’मधला एम्युलेटर वारंवार लागणारा कोड एकदा भाषांतरित करून जपून ठेवायचा. परत तेच भाषांतर नको. 2020 मध्ये आलेला ॲपलचा रोझेटा 2 तर बरंचसं भाषांतर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच उरकतो.

आणि माझा लॅपटॉप? टूल नव्या चिपसाठीचंच होतं, पण ते मागे ज्या प्रोग्रॅमला हाक मारत होतं तो जुन्या चिपचा निघाला. त्याची नवी आवृत्ती टाकली, काम सुरळीत.

तर मंडळी, काही हळू चालत असेल तर आधी बघा, मध्ये दुभाष्या बसलाय का? आणि तो सारखा कशासाठी धावतोय? भेटूया पुढच्या भागात!