दुर्बिणीच्या चढत्या पायऱ्या

१६०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मिडेलबर्ग गावचा चष्मेवाला हान्स लिपरहे हा, दूरची वस्तू जवळ दाखविणाऱ्या नळीच्या सनदेसाठी अर्ज घेऊन हेग येथील डच प्रांतांच्या मध्यवर्ती सभेपुढे उभा राहिला, तेव्हा सभासदांनी ते यंत्र पाहून समाधान दर्शविले खरे. परंतु लगोलग दोन फर्माइशीही केल्या. एक अशी की दोन्ही डोळ्यांनी पाहता यावे, आणि दुसरी अशी की भिंगे साध्या काचेची नसून खनिज स्फटिकाची असावीत. लिपरहेने तशी यंत्रे करून दिली, मोबदलाही भरघोस घेतला. सनद मात्र त्याला मिळाली नाही, कारण ही विद्या इतरांनाही अवगत असल्याचे सभेच्या ध्यानी आले होते. द्विनेत्री दुर्बिणीच्या बाबतीत उंची मालाची हौस आणि त्या मालाचे गुपित राखण्याची पंचाईत या दोन्ही गोष्टी अशा जन्मापासूनच्या आहेत. आणि आज एकाच मातब्बर पेढीचे नाव तीन निरनिराळ्या दरांच्या दुर्बिणींवर कोरलेले दिसते, त्याची वंशावळ मला तरी तेथवर नेऊन भिडवावीशी वाटते.

मधली अडीच शतके फारशी बोलकी नाहीत. १८५४ साली इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थाने, लोलकांच्या योगे उलटी प्रतिमा सुलटी करून नळीची लांबी आखडण्याची युक्ती पेटंट केली. पण तिला साजेशी निर्दोष काच त्या काळी मिळत नसल्याने ती युक्ती व्यवहारात फारशी रुजली नाही. येना येथे कार्ल झाइस याने १८४६ साली काढलेल्या कार्यशाळेस एर्न्स्ट आबे याच्यासारखा गणिती लाभला, १८८४ साली ओटो शॉट याची काचेची भट्टी शेजारीच पेटली, आणि मग आबेने तीच कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध करून पेटंटसाठी अर्ज केला, तो पोरो आधीच तेथे पोचलेला! अखेर समोरची भिंगे डोळ्यांतील अंतरापेक्षा अधिक दूर ठेवण्याच्या रचनेपुरतेच संरक्षण १८९३ साली त्याच्या पदरात पडले. त्याची मुदत १९०८ साली सरली आणि इतर कारखानदारांना रान मोकळे झाले. १८९४ साली झाइसने बाजारात आणलेल्या पहिल्या दुर्बिणी ४, ६ आणि ८ पट मोठे दाखविणाऱ्या होत्या. त्यांच्यातील भेद शक्तीचा होता, प्रतीचा नव्हे. कमी दामाला कमी प्रतीचा माल ही रीत त्या घरात तेव्हा नव्हती.

१९३५ साली झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला याने भिंगावर अतिसूक्ष्म थर देऊन परावर्तनाने वाया जाणारा प्रकाश वाचविण्याची विद्या शोधली. महायुद्धानंतर अमेरिकनांनी येनातील निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलविले, ते ओबरकोखेन येथे स्थिरावले. मूळ कारखाना रशियनांच्या ताब्यात गेला, आणि एका झाइसच्या दोन झाल्या, ज्या नावासाठी वर्षानुवर्षे परस्परांवर कज्जे करीत राहिल्या. स्वस्त दुर्बिणीची पायरी त्या काळात भलत्याच दारी बांधली जात होती. जपानी कारखाने परदेशी व्यापाऱ्यांच्या हव्या त्या नावाने माल पाठवीत. खरा कर्ता कोण हे कळावयाचे तर सांगाड्यावरील ‘जेबी’ या अक्षरांपुढील आकडा शोधावा लागे, आणि तपासणीची साक्ष म्हणून ‘पास्ड’ असे छापलेले चिमुकले लंबगोल लेबल तेवढे चिकटलेले असे.

उंची घराण्यांना स्वतःच्या अंगणात पायऱ्या बांधण्याची सोय झाली ती रूफ लोलकामुळे, असे माझे मत आहे. सरळ नळ्यांची, सुटसुटीत दुर्बीण त्यानेच शक्य केली; पण हा लोलक मोठा मानी. त्याच्या छपरासारख्या कडेवर प्रकाशकिरणांचे दोन भाग होतात आणि पुन्हा एकत्र येताना त्यांच्या लहरींचा मेळ बिघडून प्रतिमेची धार बोथट होते. ती कड काटकोनापासून काही विकलांइतकीही ढळलेली चालत नाही. लहरींचा मेळ पुन्हा जुळविणारा लेप झाइसने १९८८ साली आणला. शिवाय श्मिट-पेखान जातीच्या लोलकात एका पृष्ठावर पूर्ण परावर्तन होतच नाही, म्हणून त्यास आरशाचा मुलामा द्यावा लागतो: ॲल्युमिनियमचा दिला तर प्रकाशाचा दहावा हिस्सा तेथेच गळावयाचा, चांदीचा दिला तर गळती पुष्कळ कमी, आणि अनेक पारदर्शक थरांचा महागडा मुलामा दिला तर शेकडा ९९हून अधिक प्रकाश परावर्तित होतो. भर दुपारी हा भेद नवख्या डोळ्यास जाणवणारही नाही. दिवेलागणीच्या वेळी झाडीतले हरीण शोधणाऱ्या शिकाऱ्यास मात्र तो तत्काळ जाणवतो, आणि या घराण्यांचे जुने गिऱ्हाईक शिकारीच होते. म्हणजे एकाच आकृतीच्या दुर्बिणीत लेप, काच आणि जुळणीची काटेकोरता यांची निवड करून वाटेल तितक्या पायऱ्या काढता येऊ लागल्या.

मग झाइसची व्हिक्टरी वर, कॉन्क्वेस्ट मध्ये आणि २०१३च्या सुमारास आलेली, चीनमध्ये तयार होणारी टेरा खाली, अशी उतरंड लागली. त्यात कोणास फसवणूक दिसेल. मला दिसत नाही, कारण खालच्या पायरीवरील आजची दुर्बीणही १९८८पूर्वीच्या कित्येक तालेवार दुर्बिणींना लाजवील. मात्र त्या नावासाठी मोजलेला पैसा सारा काचेत उतरतो, असेही कोणी समजू नये.

टायरोलमधील आब्साम येथे १९४९ साली स्थापन झालेल्या स्वारोव्स्की ऑप्टिकने तर आपल्याच उतरंडीची गंमत करून ठेवली आहे. तिची पहिली दुर्बीण, हाबिख्त, पोरो लोलकांची; त्या लोलकांना आरशाचा मुलामा लागत नाही की लहरींचा मेळ जुळविणारा लेपही लागत नाही. परिणामी ही जुन्या घाटाची, नखरे नसलेली, फोकसचे चाक अंमळ ताठ असलेली दुर्बीण पेढीच्या महागड्या एनएल प्युअरपेक्षा प्रकाश अधिक पार करते, आणि तिच्याहून कितीतरी कमी दामात मिळते. तरी गिऱ्हाइकांची रीघ एनएल प्युअरकडेच लागते, कारण तिच्यातून दिसणारा विस्तीर्ण देखावा आणि चष्मेवाल्यास मिळणारी सोय हाबिख्तला देता येत नाही.