मंडईतलं स्पॅनिश आणि फलटणचं मराठी

गेल्या आठवड्यात लिहायचं राहूनच गेलं. रिलीज होता, शनिवार-रविवार दोन्ही ऑफिसातच गेले. त्यामुळे आज जरा लांबलचक. चहा घेऊनच बसा :)

तर झालं असं, की आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट मेक्सिकोचा. त्यांच्याशी थोडं त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून मी पुण्यात शनिवारचा स्पॅनिशचा क्लास लावला. पहिल्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन गेलो. वाटलं, बाई फळ्यावर क्रियापदांची रूपं लिहितील, आपण उतरवून घेऊ, घरी पाठ करू. बाईंनी पहिल्यांदा काय केलं तर वह्या बंद करायला सांगितल्या. निम्म्या वर्गाला भाज्यांची चित्रं वाटली, निम्म्याला खोटे पैसे, आणि म्हणाल्या, चला, मंडई भरली! ‘क्वान्तो क्वेस्ता?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ एवढं एकच वाक्य आमच्या हातात.

मी बेधडक ‘बताता’ मागितला. समोरच्या मुलीने रताळ्याचं चित्र पुढे केलं. स्पॅनिशमध्ये बताता म्हणजे रताळं. आपल्याकडे हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला आणि बटाट्याला जाऊन चिकटला. तासभर आम्ही घासाघीस करत होतो. चुका तर पावलोपावली. पण बाईंनी एकदाही वाक्य मध्येच तोडलं नाही. वस्तू मिळाली ना, मग झालं तर.

घरी परतताना बसमध्ये डोक्यात एकच विचार. इंग्रजी शिकताना असा एक तरी तास आपल्याला मिळाला होता का?

मी सातारा जिल्ह्यातला, मराठी शाळेचा. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आम्ही त्याच्या आधीचे, पाचवीपासून वाले. आमचं इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, नियम आणि भाषांतर. आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, त्यांचंही तेच. ही पद्धत मुळात युरोपात लॅटिन शिकवण्याची. लॅटिन रोज घरात बोलणारं कुणी उरलंच नव्हतं, तेव्हा तिथे ती चालून गेली. पुढे सांगलीला इंजिनियरिंगला गेलो. व्याख्यान कळायचं, पेपर लिहिता यायचा, पण शंका विचारायला हात काही वर व्हायचा नाही. आधी मनात मराठी वाक्य, मग त्याचा काळ ओळखा, मग ‘हॅज’ की ‘हॅव’... तोवर सर पुढच्या पानावर गेलेले.

माझी समजूत अशी होती, की मंडईवाली पद्धत हे हल्लीचं खूळ. थोडं वाचायला लागलो आणि गंमत कळली.

१८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरीने मराठीचं व्याकरण छापलं. मदतीला वैजनाथ पंडित होते. त्या पुस्तकात नुसते नियम नाहीत, रोजच्या विषयांवरचे संवादही जोडलेले आहेत. का? तर केरी ज्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा, तिथले विद्यार्थी म्हणजे कंपनीचे तरुण अधिकारी. त्यांना इथे येऊन हुकूम सोडायचे होते, चौकशा करायच्या होत्या. नुसती विभक्ती पाठ करून ते कसं जमणार?

तीच गोष्ट आमच्या सांगलीकडची. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उघडलं. आता विचार करा, पेशंट म्हणतो ‘पोटात कळ येतीय’, ‘डोकं ठणकतंय’, ‘अंग मोडून आलंय’. कळ, ठणका आणि मोडणं यातला फरक व्याकरणाच्या पुस्तकात शोधून सापडेल? तो माणसांत राहूनच कळायचा.

विसाव्या शतकात याचं रीतसर शास्त्र झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला झटपट परभाषा बोलणारे सैनिक हवे होते. त्यातून वाक्यांचे साचे घोटून घेण्याची पद्धत आली. नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं मराठीचं पुस्तक १९६० च्या दशकातलं, नावातच ‘बोलली जाणारी मराठी’. मग लोकांच्या लक्षात आलं, की साचा घोटलेला माणूस साच्याबाहेरचा प्रश्न आला की गप्प बसतो. १९७५ मध्ये काउन्सिल ऑफ युरोपने इंग्रजीसाठी एक यादी काढली. ती काळांची यादी नव्हती, कामांची होती. भाव विचारणे, माफी मागणे, पत्ता सांगणे, नकार देणे. १९७९ मध्ये तशीच स्पॅनिशची निघाली. आमच्या बाईंच्या मंडईचं मूळ तिथे.

पण हे सगळं बाहेरून येणाऱ्यांसाठी आणि गोऱ्यांसाठीच का? तर तसंही नाही. त्याच १९७९ मध्ये एन. एस. प्रभूंनी बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये प्रयोग सुरू केला, १९८४ पर्यंत चालवला. भरलेले वर्ग, साधी मुलं. व्याकरणाचा तास नाही. मुलांनी रेल्वेचं वेळापत्रक वाचायचं, नकाशावर रस्ता शोधायचा, आणि हे करता करता इंग्रजी वापरायचं. भाषा शिकवणारे जगभरचे लोक आजही त्या प्रयोगाचा दाखला देतात. आम्हाला मात्र पत्ताच नव्हता, आणि बंगलोर काय चंद्रावर नव्हतं.

यातून मला एक गोष्ट दिसते. ज्याला बोलावं लागणार आहे असं शिकवणाऱ्याला वाटलं, त्याला बोलायला शिकवलं गेलं. अधिकाऱ्याला शिकवलं, डॉक्टरला शिकवलं, सैनिकाला शिकवलं. आमच्याकडून अपेक्षा वाचायची, उतरवायची आणि सही करायची. आम्ही कधी काही विचारू, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

आणि याच गोष्टीचा सगळ्यात चांगला धडा आमच्याच जिल्ह्यात, फलटणला आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई १९६० च्या दशकात भारतात आल्या, मराठी शिकल्या आणि संशोधनासाठी विषय घेतला फलटणची बोली. पुण्या-मुंबईची छापील मराठी नाही, फलटणच्या पेठांमध्ये लोक प्रत्यक्ष बोलतात ती, माणसागणिक बदलणारी. फलटणच्याच जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, यांच्याबरोबर त्यांनी मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी पुस्तकं तयार केली. त्यातलं व्याकरण १९७५ चं. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन कॉलेजच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवली.

एवढ्यावर थांबत्या तरी पुरे होतं. पण त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि शाळेत न टिकणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्यातूनच पुढे १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. तिथे मुलांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलावं, लिहावं यावर भर असतो.

इथे मला माझा बाकावरचा मित्र आठवतो. तो ‘पानी’ म्हणायचा, ‘आनि’ म्हणायचा. वाचायला उभा केला की पहिल्याच ओळीत त्याला अडवायचे, ‘पानी नाही, पाणी!’ वर्ग हसायचा. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू. हळूहळू त्याने वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. इंग्रजी तर दूरच, त्याच्या स्वतःच्या मराठीतही त्याला कुणी वाक्य पूर्ण करू दिलं नाही. सातवीनंतर तो दिसला नाही.

बाहेरून आलेल्या एका बाईंना पेठेतलं ‘पानी’ अभ्यास करण्याजोगं वाटलं. आम्हाला ते खोडण्याजोगं वाटलं. मला स्पॅनिशच्या वर्गात जी सवलत मिळाली, चुकत चुकत बोलायची, ती त्याला पाचवीत मिळायला हवी होती.

आता दुसरी बाजूही सांगतो. मंडईच्या जोरावर क्लायंटला ईमेल लिहिता येत नाही. सहा महिन्यांनी मी मुकाट्याने क्रियापदांचे तक्ते पाठ केलेच. ‘पाणी’ कसं लिहायचं हेही कधीतरी शिकवावंच लागतं. नियम नकोत असं म्हणणं नाहीच माझं. नियम आधी की बोलणं आधी, एवढाच प्रश्न आहे. बोलून झाल्यावर तक्ता पाठ करताना मला पहिल्यांदाच व्याकरण आवडलं, कारण प्रत्येक रूप बघून आठवायचं, ‘अरेच्चा, त्या दिवशी आपण हे चुकलो होतो!’

असो. गावी फोन केला तेव्हा आईला मंडईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘‘भाव इचारायला शिकाया पैसे भरलंस व्हय रं?’’

हो, भरले. आणि वसूल झाले.