माजोर्ड्याच्या वादकाचा सिंफनी वाद्यवृंद

जुन्या हिंदी चित्रपटगीतांत व्हायोलिनांचे जे ताफे ऐकू येतात, ते वाजविणारे बहुतांशी गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. उपासनेला संगीताची साथ मिळावी हा त्यातील हेतू. पण या विद्येनेच पुढे अनेक घरांची चूल पेटविली.

1935 साली मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद स्थापिला, तेव्हा पारशी हौशी वादकांच्या शेजारी ही मंडळीही बसली. परंतु सिंफनीवर पोट भरत नसे. ते भरे स्टुडिओत. तेथे संगीतदिग्दर्शक चाल सांगे आणि प्रत्येक वाद्याचा कागद लिहून काढणारा बहुधा गोवेकर असे. पडद्यावर मात्र त्याचे नाव क्वचितच झळके.

अँथनी गोन्साल्विस हे यांपैकीच एक. 1927 साली माजोर्डा येथे त्यांचा जन्म झाला. 1943 साली मुंबईस येऊन ते नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. हिंदुस्थानी रागांचा त्यांना ध्यास लागला, ही त्यांच्या बांधवांत दुर्मीळच गोष्ट. पाश्चात्य संगीत वरच्या पायरीचे, अशी अनेकांची समजूत होती. शिवाय अडचण कलेचीही होती. राग एकट्याच्या कंठात फुलतो. त्याची मींड कागदावर पुरती उतरत नाही. उलट वीस व्हायोलिने एकाच स्वरावर आणावयाची, तर कागदावाचून गत्यंतर नाही. गोन्साल्विस यांनी हा अवघड मार्ग धरला आणि सारंग रागावर कॉन्चेर्तो रचला.

1958 साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसले; लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. एकेका गावचे गोवेकर जेथे एकत्र राहत, ते धोबीतलावाचे कूड येथून जवळच. स्टुडिओत काचेआड वाजविणारी माणसे येथे श्रोत्यांच्या समोर होती.

एवढ्या वादकांचा खर्च तिकिटांवर निभावणे कठीणच. पुढे 1965 च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेस गेले आणि त्यांच्यामागे हा वाद्यवृंद टिकला नाही. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्याने त्यांचे नाव घरोघर पोचले. त्या गाण्याचे एक संगीतकार प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. परंतु गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना हे नाव एका व्हायोलिनवादकाचे आहे, याची वार्ताही नव्हती. ते माजोर्ड्यास परतले होते. 2012 साली त्यांचे निधन झाले.