शवविच्छेदक आणि शोधाधिकारी : स्नेह आणि अंतर

खुनाच्या खटल्यात ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः साक्षीला येऊ शकत नाही. त्याच्या वतीने दोघांना बोलावे लागते. एक शवविच्छेदन करणारा वैद्य आणि दुसरा तपास करणारा पोलीस अधिकारी. वैद्याची भाषा संभवाची, तर पोलिसाची निश्चयाची. ह्या दोघांत बेबनाव असला तर तपास लुळा पडतो. उलट एकाने दुसऱ्याच्या मताला प्रमाण मानून डोळे मिटले तर न्यायच धोक्यात येतो. स्नेह आणि अंतर ह्यांचा हा तोल कसा साधावा, हे समजण्यासाठी गेल्या शतकातील ब्रिटनमधील तीन खटले अभ्यसनीय आहेत. त्यांपैकी तिसऱ्याचा धागा तर थेट मुंबईपर्यंत आणि कलकत्त्यापर्यंत येऊन पोचतो.

1910 सालच्या क्रिपेन खटल्यातील साक्षीमुळे डॉ. बर्नार्ड स्पिल्सबरी हे नाव इंग्लंडमध्ये घरोघरी पोचले. पुढे 1923 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 1924 साली ईस्टबोर्ननजीकच्या समुद्रकाठच्या एका बंगल्यात एमिली के हिचा खून झाला. पॅट्रिक महोन ह्या तिच्या प्रियकराने प्रेताचे तुकडे केले होते. स्पिल्सबरी तेथे पोचले तेव्हा स्कॉटलंड यार्डचे चीफ इन्स्पेक्टर पर्सी सॅव्हेज हे ते कुजके अवशेष उघड्या हातांनी उचलीत होते. पोलिसांना साधे रबरी हातमोजेही दिले जात नाहीत, हे ऐकून स्पिल्सबरी थक्क झाले. त्यांच्या आणि सॅव्हेज ह्यांच्या विचारविनिमयातून हातमोजे, भिंग, मोजपट्टी, चिमटे, नमुन्यांसाठी पिशव्या असे साहित्य असलेली सुप्रसिद्ध 'मर्डर बॅग' सिद्ध झाली. वैद्याला पोलिसाची काळजी वाटली आणि पोलिसाने वैद्याचा सल्ला मानला, ह्यातूनच हे घडले. दोन व्यवसायांतील स्नेहाचे ह्याहून चांगले फळ कोणते?

परंतु त्याच स्नेहाची दुसरी बाजू अवघ्या वर्षभरात दिसून आली. क्रोबरो येथील कोंबडीपालक नॉर्मन थॉर्न ह्याच्या आवारात जानेवारी 1925 मध्ये त्याची वाग्दत्त वधू एल्सी कॅमेरॉन हिचे प्रेत उकरून काढण्यात आले. तिने गळफास घेतला, भीतीपोटी आपण प्रेत पुरले, असे थॉर्नचे म्हणणे. मानेवर दोरीचा वळ नाही, असे स्पिल्सबरींनी सांगितले; मात्र तेथील त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्याची आवश्यकता त्यांना भासली नव्हती. बचावपक्षाचे डॉ. ब्रॉन्टे ह्यांनी तसे परीक्षण करून वळाच्या खुणा असल्याचा निर्वाळा दिला. ज्यूरीने स्पिल्सबरींवर विश्वास ठेवला आणि 22 एप्रिल 1925 रोजी थॉर्न फाशी गेला. त्याच गावचे रहिवासी असलेले सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांनीही निकालाविषयी शंका प्रकट केली. थॉर्न दोषी होता की निर्दोष, हा प्रश्न येथे गौण आहे. पुराव्यापेक्षा साक्षीदाराचे नाव जड ठरू शकते, हा त्यातील धडा होय. वैद्य एकटा आणि त्याचा शब्द अखेरचा, अशी स्थिती निर्माण झाली की पोलीसही त्याला प्रश्न विचारीनासे होतात.

तिसरा खटला डॉ. बक रक्स्टनचा. त्याचे मूळ नाव बुख्त्यार हकीम. 1899 साली मुंबईत जन्मलेला हा पारशी डॉक्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला आणि 1930 पासून लँकेस्टर येथे लोकप्रिय वैद्य म्हणून स्थिरावला. सप्टेंबर 1935 मध्ये इझाबेला ही त्याची सहचारिणी आणि मेरी रॉजरसन ही वीस वर्षांची दाई एकाएकी नाहीशा झाल्या. 29 सप्टेंबरला सुमारे शंभर मैलांवर, स्कॉटलंडमधील मॉफटजवळच्या एका ओढ्यात, दोन प्रेतांचे अनेक तुकडे गाठोड्यांत बांधलेले सापडले. चेहरे विद्रूप केलेले, दात उपटलेले. प्रारंभी त्यांतील एक प्रेत पुरुषाचे असावे असाही समज झाला.

येथे कोणी एकटा महापुरुष नव्हता. ग्लासगोचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर, एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश आणि दंतवैद्यादी त्यांचे सहकारी एका बाजूस. स्कॉटलंडचे पोलीस आणि लँकेस्टरचे मुख्य अधिकारी कॅप्टन हेन्री व्हॅन दुसऱ्या बाजूस. गाठोड्यातील वृत्तपत्र 15 सप्टेंबरचे असून ती खास आवृत्ती केवळ लँकेस्टर-मोरकॅम्ब परिसरातच विकली गेली होती, हे पोलिसांनी हुडकले. अळ्यांच्या वयावरून मृत्यूचा काळ डॉ. मर्न्स ह्यांनी वर्तविला. ब्रॅश ह्यांनी कवट्यांची छायाचित्रे इझाबेलाच्या छायाचित्रावर ठेवून पाहिली. एक कवटी जुळली, दुसरी जुळेना. ग्लासगोचे बर्टी हॅमंड ह्यांनी एका प्रेताच्या बोटांचे ठसे रक्स्टनच्या घरातील वस्तूंवरील ठशांशी पडताळले आणि मेरीची ओळख पटली. ह्या ठसेशास्त्राचे पहिले सरकारी कार्यालय 1897 साली कलकत्त्यात स्थापन झाले होते, आणि त्याच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या भारतीय अधिकाऱ्यांचे श्रम होते. मुंबईच्या डॉक्टरचा गुन्हा उघड करण्यात कलकत्त्याच्या विद्येने हातभार लावावा, हा योगायोग विलक्षण आहे.

सर्वांत मर्मभेदक निरीक्षण निराळेच होते. मेरीच्या डोळ्यात तिरळेपणा होता, म्हणून डोळे काढलेले. तिच्या हातावर जन्मखूण होती, तेथील कातडी सोललेली. म्हणजे खुन्याने जे जे नाहीसे केले, तेच ओळख सांगू लागले. हा निष्कर्ष केवळ वैद्याचा नव्हे, केवळ पोलिसाचाही नव्हे. घरच्यांच्या जबान्या पोलिसांनी आणल्या आणि जखमा वैद्यांनी वाचल्या, तेव्हा तो निघाला. नॉर्मन बर्केट ह्यांच्यासारख्या समर्थ वकिलाने बचाव करूनही मार्च 1936 मध्ये रक्स्टन दोषी ठरला आणि 12 मे रोजी फाशी गेला. पुढच्या वर्षी ग्लेस्टर आणि ब्रॅश ह्यांनी आपली संपूर्ण कार्यपद्धती ग्रंथरूपाने परीक्षणासाठी खुली केली. थॉर्न खटल्यात जे हवे होते, ते हेच.

आपल्या देशात 1872 च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या मताला स्थान दिले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते राखले आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद केली असून, ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणजे वैद्यक आणि विज्ञान ह्यांची माणसे पोलिसांच्या गाडीतून, पोलिसांच्याच सोबतीने जाणार. ती सोबत सॅव्हेज-स्पिल्सबरी ह्यांच्या पहिल्या भेटीसारखी हितकर ठरावी. परंतु परतताना दोघांच्या वह्या वेगळ्या असाव्यात. कारण अखेर त्या दोघांची मैत्री परस्परांशी नव्हे, तर न बोलू शकणाऱ्या मृताशी आणि तितक्याच असहाय अशा आरोपीशी असावयास हवी.