हर्नांदेझ, ओर्लांदो

(११ ऑक्टोबर १९६५– ). क्यूबाचा बेसबॉलपटू, उजव्या हाताचा पिचर. ‘एल दुके’ म्हणजे उमराव, हे टोपणनाव त्याला वडिलांकडून मिळाले. जन्म व्हिला क्लारा प्रांतात. हवानाच्या ‘इंडस्ट्रियालेस’ संघाकडून त्याने १२६ सामने जिंकले, ४७ गमावले. क्यूबाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजयाचे इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कुणाचे नाही. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघातही तो होता.

सावत्र भाऊ लिव्हान १९९५ मध्ये देश सोडून गेला आणि तोही पळून जाईल या संशयाची सुई ओर्लांदोकडे वळली. १९९६ मध्ये त्याच्यावर क्यूबात बेसबॉल खेळण्याची आजन्म बंदी आली. ऐन उमेदीत हा खेळाडू हवानाच्या मनोरुग्णालयात रुग्णांकडून व्यायाम करून घेऊ लागला. गुन्हा एवढाच, की भाऊ निघून गेला होता.

डिसेंबर १९९७ मध्ये छोट्या बोटीतून निघून तो काही साथीदारांसह बहामातील एका निर्जन बेटावर पोहोचला. तिथून अमेरिकी तटरक्षकांनी त्यांना उचलले. पुढे त्याने कोस्टा रिकात वास्तव्याचा परवाना घेतला. अमेरिकेत राहणाऱ्या क्यूबन खेळाडूला ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत, तो ज्या संघाच्या वाट्याला जाईल त्याच्याशीच बोलणी करावी लागत, बाहेर राहणाऱ्याला संघ निवडता येई. मार्च १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने त्याच्याशी चार वर्षांसाठी ६६ लाख डॉलरचा करार केला.

चेंडू टाकताना डावा गुडघा पार चेहऱ्यापर्यंत उचलण्याची त्याची लकब प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये मेट्सविरुद्ध चेंडू ग्लोव्हमध्ये अडकला, तेव्हा त्याने ग्लोव्हसकट तो पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला!

तो खरा दिसला तो निर्णायक सामन्यांत. १९९८ मध्ये क्लीव्हलंडविरुद्धच्या मालिकेत यांकीज १–२ असे मागे असताना त्याने सात इनिंग्ज एकही धाव दिली नाही. संघाने ती मालिका आणि पाठोपाठ अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्याच ऑक्टोबरात त्याची आई आणि दोन मुली क्यूबाहून न्यूयॉर्कला येऊ शकल्या. न्यूयॉर्कचे कार्डिनल ओ’कॉनर यांनी क्यूबाचे सत्ताधीश कॅस्ट्रो यांच्याकडे शब्द टाकला होता. १९९९ व २००० मध्येही यांकीजच विजेते ठरले.

२००५ मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे होता. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर संघ ४–३ असा पुढे, तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी, आणि एकही बाद नाही, अशा वेळी त्याला मैदानात बोलावले गेले. दोघांचे उंच उडालेले चेंडू झेलले गेले, तिसरा जॉनी डेमन ‘स्ट्राइक आउट’; धाव एकही नाही. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली.